काचेच्या टाकीत कासव दिवसभर काच खरवडतंय, शंभर पौंडात धड घर होईल का?

सातारकर_लीड्स

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

ऑफिसमधला एक जण मागच्या महिन्यात कायमचा ऑस्ट्रेलियाला गेला. तिकडे पाळीव कासव नेऊ देत नाहीत, म्हणून त्याने त्याचं हॉर्सफिल्ड जातीचं, जमिनीवर राहणारं कासव आमच्या गळ्यात मारलं. गळ्यात म्हणजे काय, लेकीने (वय ९) फोटो बघितला तेव्हाच ते आमचं झालं होतं, मला फक्त कळवण्यात आलं. नाव टर्बो, नाव त्याच्याबरोबरच आलं. पाठ पट्टीने मोजली तर १५ सेंटिमीटर, वय दहाच्या पुढे असावं असं तो म्हणाला.

बरोबर आलेलं सामान असं: ९० बाय ३८ सेंटिमीटरची काचेची टाकी, तळाला लाकडाच्या ढलप्या, एक वेटोळ्याचा छोटा यूव्ही बल्ब जो कधी बदलला होता ते त्यालाही आठवत नव्हतं, आणि टाकीच्या बुडाला चिकटवलेली गरम होणारी मॅट. आता अडचण ही की हा बाबा सकाळी आठ वाजल्यापासून काचेला नाक लावून पुढचे पाय मारत बसतो, खर्रर्र खर्रर्र, थांबतच नाही. बायको घरून काम करते, परवा मीटिंगमध्ये एकाने तिला विचारलं की घरात सुतार आलाय का.

त्यात आई सहा महिन्यांसाठी साताऱ्याहून आलीये. तिचं म्हणणं, महादेवाच्या देवळात नंदीजवळ कासवाला केवढा मान असतो आणि तुम्ही त्याला खोक्यात कोंडलंय. हळदकुंकू वाहायला निघाली होती, ते अडवलं, पण रोज सकाळी काकडीची चकती आणि टोमॅटो चालू आहे आणि तो पण ते मिटक्या मारत खातो.

दुकानात विचारलं तर लाकडी व्हिव्हेरियम, म्हणजे असे प्राणी ठेवायची पेटी, आणि दिव्यांचा सगळा सेट मिळून ३०० पौंडांच्या वर सांगतात. माझं बजेट १००, फार तर थोडं वर. पहिल्या मजल्यावर भाड्याचा फ्लॅट आहे, लाकडी जमीन, बाग नाही, भिंतीला भोकं पाडायची नाहीत. तर १) हीच टाकी कशी तरी चालवता येईल का २) दिवा नक्की कुठला ३) माती घातली तर घरात वास येतो का, आणि ४) रात्री हीटर लागतो का, कारण आमचं हीटिंग रात्री १७ वर असतं. आणि हो, याचे काही कागद लागतात का? मला काहीच दिलेलं नाही.

मावशी_मिल्टनकीन्स

अरे तू आधी त्याला त्या काचेतून बाहेर काढ बाबा. त्याला काच कळत नाही, पलीकडचं दिसतंय म्हणजे जाता येणार असंच त्याला वाटतं, म्हणून तो दिवसभर ढकलत बसतो. आत्ताच्या आत्ता कर म्हणशील तर बाहेरून चारी बाजूंनी खाली बोटभर उंचीपर्यंत नाही, चांगला वीतभर तपकिरी कागद चिकटव, आज रात्रीच कर, उद्या सुताराचा आवाज निम्मा होईल. पण हा तात्पुरता उपाय, ९० सेंटिमीटर त्याला कमीच पडणार. ही जात दिसते लहान पण चालते भरपूर.

कागदांचं आधी सांगते म्हणजे जिवाला घोर नको. ब्रिटनमध्ये हर्मन आणि ग्रीक कासवांच्या खरेदीविक्रीला आर्टिकल १० चं सर्टिफिकेट, म्हणजे सरकारी परवाना, लागतं, हॉर्सफिल्डला लागत नाही. फक्त तो हॉर्सफिल्डच आहे ना ते बघून घे, पुढच्या पायांना चार चार नख्या असतील तर तोच. 

आता घर. माझ्याकडे आठ वर्षं झाली हीच जात आहे, आमची गंगू, आणि तिचं घर म्हणजे आडवं पाडलेलं पुस्तकांचं कपाट आहे. हसू नकोस. आयकियाचं बिली कपाट असतं बघ, २०२ उंच, ८० रुंद, २८ खोल, लोक घर बदलताना फुकट देऊन टाकतात, फेसबुक मार्केटप्लेसवर रोज एक तरी दिसतं. ते पाठीवर झोपवायचं, फळ्या काढायच्या, झाली दोन मीटर लांब पेटी. बाजू लाकडाच्या म्हणजे पलीकडचं दिसत नाही, वरून उघडी म्हणजे हवा खेळती. काढलेल्या फळ्या फेकू नकोस, लागणारेत.

आतून तळ्याला घालतात ते जाड रबरी लायनर अंथरायचं, एका तुकड्यात, कोपऱ्यात पाकिटासारखी घडी घालून वरच्या कडेला स्टेपल मारायचं. कापू नको, कापलं की तिथूनच ओल मुरते आणि ते भुशाचं लाकूड फुगतं, माझं पहिलं कपाट असंच दीड वर्षात पुरणपोळीसारखं फुगलं होतं.

माती म्हणजे साधी टॉपसॉइल, खत न घातलेली, आणि मुलांच्या खेळायची वाळू. दोन भाग माती, एक भाग वाळू. वास येत नाही रे, वास ढलप्यांना येतो, त्या ओल्या झाल्या की बुरशी धरतात. मातीत शी दिसली की चमच्याने उचलायची, बास. मात्र माती कोरडी ठणठणीत ठेवायची नाही, धूळ उडून त्यांना सर्दी होते, नाकातून फुगे येतात. आठवड्यातून एकदा एका कोपऱ्यात तांब्याभर पाणी ओतायचं आणि उलथण्याने खालीवर करायचं. वर सुकी, खाली दमट. मुठीत दाबली तर लाडू वळला पाहिजे पण हाताला पाणी लागता कामा नये.

आणि एका बाजूला माती खोल पाहिजे, १५ सेंटिमीटर तरी. ही कझाकस्तान-उझबेकिस्तानकडची जनावरं, तिकडे उन्हाळा भाजून काढतो आणि हिवाळा गोठवतो, दोन्हीतून वाचायला बिळात जाऊन बसतात, वर्षातले थोडेच महिने वर दिसतात. खणता आलं नाही की ती चिडतात, तुझा टर्बो काच खरवडतोय त्यात निम्मं तेच असणार.

रात्री १७ म्हणजे काही लागत नाही. ती खालची मॅट उद्याच काढून टाक. कासवाला ऊन वरून मिळतं, गार व्हायचं असेल तर ते जमिनीत जातं, आणि तू माती खालूनच तापवलीस तर बिचाऱ्याने जायचं कुठे?

दिव्याचं मी नाही सांगत, त्यातलं हेगकरांना जास्त कळतं. येतीलच ते.

हेगकर

आलो 😄

सातारकर, एक गोष्ट आधीच सांगतो, पेटीवर पैसे वाचव, भांड्यांवर वाचव, मातीवर वाचव, दिव्यावर वाचवू नकोस. मी वाचवले होते. आमच्याकडे हर्मन आहे, पहिल्या वर्षी मी ऑनलाइन सगळ्यात स्वस्त वेटोळ्याचा बल्ब घेतला १५ युरोला आणि वर म्हटलं खिडकीजवळ ठेवतो की, फुकटचं ऊन. आठ-नऊ महिन्यांनी बायको म्हणाली याची पाठ दाबली तर आत जातेय का जरा. खरंच जात होती, कडेला, नखाने दाबलं तर टणक नाही, जरा जुन्या चपलेच्या टाचेसारखी. डॉक्टर, एक्सरे, कॅल्शियम, सगळं मिळून जेवढे गेले तेवढ्यात मी चार चांगल्या ट्यूब घेतल्या असत्या. जनावर वाचलं पण पाठीचा आकार आयुष्यभर तसाच वेडावाकडा राहिलाय, रोज बघतो.

कारण असं की त्यांना यूव्हीबी, म्हणजे उन्हातले अतिनील किरण, मिळालं तरच अंगात डी३ जीवनसत्त्व तयार होतं आणि तेव्हाच खाल्लेलं कॅल्शियम हाडाला आणि कवचाला लागतं. खिडकीच्या काचेतून ऊब येते, उजेड येतो, यूव्हीबी येत नाही. आणि बल्ब जळतोय म्हणजे यूव्हीबी देतोय असं नसतं, उजेड तसाच राहतो पण यूव्हीबी वर्षभरात उतरतं. तुझ्या त्या बल्बचं वय माहीत नाही म्हणतोस, म्हणजे तो गेलाच समज.

तू असं कर, टी५ ची, म्हणजे बारीक जातीची, यूव्हीबी ट्यूब घे, १० किंवा १२ टक्केवाली, वर चकचकीत रिफ्लेक्टर असलेली. पट्टी, म्हणजे फिटिंग, जुनी चालेल, ट्यूब मात्र नवीच. कासवाच्या पाठीपासून साधारण ३५-४० सेंटिमीटर उंच टांग, नेमकं अंतर त्या ट्यूबच्या खोक्यावर दिलेलं असतं ते बघ. मध्ये काच नको, प्लॅस्टिक नको, बारीक जाळी पण नको.

ऊब द्यायला वेगळा हॅलोजन फ्लड बल्ब. सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी म्हणून मिळतो तो घे, ५० ते ७५ वॉट. होल्डर चिनी मातीचा घे, प्लॅस्टिकचा वितळतो. दोन्ही दिवे पेटीच्या एकाच टोकाला हवेत, शेजारी शेजारी, म्हणजे ऊन खाताना त्याला दोन्ही एकदम मिळतात, सूर्याचं पण तसंच असतं ना. दिव्याखाली ३२ ते ३५ डिग्री, दुसऱ्या टोकाला २० च्या आसपास. लाल बल्ब घेऊ नकोस, रात्री अंधारच हवा. टायमर लाव, बारा तास.

बिलाचं म्हणशील तर ७५ वॉट अधिक ट्यूबचे २४, बारा तास, म्हणजे दिवसाला सव्वा युनिटच्या आत. तुमच्याकडे युनिट २६-२७ पेन्स धरलं तर महिन्याला दहा पौंड धर. हा खर्च लोक धरतच नाहीत आधी.

आणि एक, दिवा साखळीला टांग. चिमट्याच्या दिव्यावर विसंबू नकोस. आमचा चिमटा एकदा रात्री, नाही, संध्याकाळी, निसटला आणि बल्ब थेट गवतावर पडला. मी स्वयंपाकघरात होतो, फोडणी जळतेय असं वाटलं म्हणून गॅस बंद केला, तरी वास येतोय, मग पळालो. गवत काळं होऊन धुमसत होतं आणि हे महाशय दुसऱ्या टोकाला पाय पसरून झोपलेले. त्या दिवसापासून दोन साखळ्या, आणि दिव्याखाली गवत नाही, फरशी.

सातारकर_लीड्स

बाप रे. मावशी, हेगकर, खूप आभार. कागद काल रात्रीच लावला आणि खरंच, आज निम्मा वेळ शांत होता. आईला वाटतंय तिने तीर्थ शिंपडलं म्हणून.

मार्केटप्लेसवर दोन मैलांवर एक बिली फुकट दिसतंय. पण भिंतीला भोक न पाडता दिवा टांगायचा कुठे? आणि जमीन लाकडी आहे, चालताना करकरते, दोन मीटर पेटीभर माती पेलेल का?

विटामाती

मी सिव्हिलवाला आहे त्यामुळे मला राहवत नाही. हा प्रश्न कोणीच विचारत नाही, तू विचारलास म्हणून शाबास.

हिशोब बघ. बिलीच्या आतली जागा धर १९० बाय ७५. सगळीकडे १५ सेंटिमीटर माती भरलीस तर २१४ लिटर होते, दमट माती-वाळूचं लिटरला दीड किलो धरलं तर ३२० किलो. पेटीचा पाया १.६ चौरस मीटर, म्हणजे चौरस मीटरला २०० किलो. तिकडे घराची जमीन साधारण १५० किलो चौरस मीटरला धरून डिझाइन करतात. उद्या खाली पडशील असं नाही म्हणत, पण दहा वर्षं कायमचं वजन कोपऱ्यात ठेवायचं, जुनं घर, भाड्याचं, करकरणारी जमीन, कशाला?

त्यापेक्षा एक तृतीयांश भागात १५ आणि बाकी ५ सेंटिमीटर भर. मग ११९ लिटर, १८० किलोच्या आत, चौरस मीटरला ११० च्या आसपास. पेटी भिंतीला लागून ठेव, मधोमध नको. जमिनीखालचे वासे ज्या दिशेने जातात त्याला आडवी ठेव, म्हणजे वजन चारपाच वाशांवर वाटलं जातं. फळ्यांवरचे खिळे दिसत असतील तर खिळ्यांची रांग म्हणजे वासा. आणि बिलीची पाठ म्हणजे नुसता पुठ्ठा असतो, त्याच्या खाली प्लायवुडचा तुकडा टाक नाहीतर मधून पोट काढेल. टेबलावर वगैरे तर चढवूच नकोस.

आता गंमत बघ. कपाट २८ खोल, त्यात १५ माती, उरले १३. तुझं कासव १५ लांब. मागच्या पायांवर उभं राहिलं तर ते बाहेर.

मावशी_मिल्टनकीन्स

विटामाती भाऊ, हे बरोब्बर पकडलंत. गंगू दोनदा अशीच पळाली आहे, दोन्ही वेळा कोपऱ्यातून, ही कोपऱ्यात दोन भिंतींना पाय लावून चढते, विहिरीत माणूस चढतो तशी. दुसऱ्या वेळी सोफ्याखाली सापडली, अंगाला सगळी जळमटं.

म्हणून म्हटलं होतं फळ्या फेकू नकोस. खोल बाजूला तिन्हीकडून एकेक फळी उभी स्क्रूने मार, उंची दुप्पट होते. कोपऱ्यांवर त्रिकोणी तुकडा आडवा ठोक, छज्जासारखा. आणि उरलेल्या दोन फळ्या पेटीच्या दोन बाजूंना उभ्या ठोकून वर आडवी काठी, पडद्याचा रॉड पण चालतो, झाली कमान, दिवे तिला टांग, भिंतीला हात लावायची गरजच नाही.

आत सामान काय म्हणशील तर विकत काहीच घेऊ नकोस. दिव्याखाली एक स्लेटची फरशी, ती तापते, त्यावर बसतो, आणि त्यावरच खायला ठेवलंस तर नख्या आणि चोच आपोआप घासल्या जातात. कुंडीखालची मातीची ताटली पाण्याला, त्याच्या हनुवटीपेक्षा उथळ, जमिनीत रुतवून. फुटकी कुंडी आडवी निम्मी गाडली की झाली गुहा. दोनचार मोठे दगड वाटेत ठेव, त्याला वळसा घालून जायला लागेल असे. मोकळं मैदान दिलंस तर तो कडेकडेनेच फिरतो.

आणि आईंना सांग, हात जोडून सांग, काकडी टोमॅटो बंद. गवताळ प्रदेशातलं जनावर ते, त्याचं पोट पालापाचोळ्याचं, फळं दिली की आत आंबतं. पालक पण रोज नको. तिकडे रस्त्याकडेला डँडेलियन ढिगाने असतो, पिवळ्या फुलाचा, त्याची पानं फुलं सगळं चालतं. जिथे औषध मारत नाहीत, कुत्री फिरवत नाहीत तिथला आण आणि धुऊन दे. आईंना म्हणावं भाजी खुडायला चला, त्यांना आवडेल बघ, आमच्या सासूबाई इथे आल्या की पिशवी घेऊनच निघायच्या, लोक बघायचे. समुद्रफेसाचा, म्हणजे कटलफिशच्या हाडाचा, तुकडा ठेव एक, कॅल्शियमला. आणि लेकीला सवय लाव, हात लावला की साबणाने हात धुवायचे, साल्मोनेला, म्हणजे पोट बिघडवणारे जंतू, असतात यांच्या अंगावर.

पुणे_५२

मध्येच घुसतोय, माफ करा. आमच्या सोसायटीतलं एक कुटुंब जागा सोडून गेलं, जाताना आमच्याकडे एक कासव देऊन गेलं, पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं. सध्या बाल्कनीत टबमध्ये पाणी घालून ठेवलंय पण ते पाण्यात नुसतं तडफडतं. तुमचं हे कपाटाचं डिझाइन आपल्याकडे चालेल का? इथे तर दिवा पण लागणार नाही, ऊन आहेच. घरात कासव शुभ म्हणतात म्हणून आई सोडायला तयार नाही.

रानवाटा

पुणे_५२, आधी त्याला पाण्यातून बाहेर काढा, आत्ता. आपण मराठीत सगळ्यालाच कासव म्हणतो तिथेच घोळ होतो. हे जमिनीवरचं आहे, पोहता येत नाही त्याला, बुडून मरेल. प्यायला उथळ ताटलीत पाणी पुरे.

आणि कपाट वगैरे विसरा. वर्णनावरून हे स्टार कासव आहे, आपल्याकडचं रानातलं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात ते संरक्षित आहे, २०२२ च्या दुरुस्तीनंतर तर पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या रांगेत. घरात ठेवणं हा गुन्हा आहे, शुभ असो की अशुभ. याची तस्करी इतकी चालते की २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या यादीतही त्याला सगळ्यात कडक वर्गात टाकलं. लीड्समधल्या टर्बोचं आणि याचं एक नाही, तो तिकडे कायद्याने पाळता येतो.

१९२६ वर फोन करा, वनविभागाची हेल्पलाइन आहे. स्वतः टेकडीवर नेऊन सोडू नका, लोक पुण्य म्हणून सोडतात. ते कुठल्या भागातून आणलंय माहीत नाही, घरात राहून कुठला रोग लागलाय माहीत नाही, तो तिथल्या कासवांना लागतो. लोक न्यायला येईपर्यंत पुठ्ठ्याच्या खोक्यात, सावलीत. दूधभात घालू नका.

तुमच्या आईंना हौसच असेल तर पितळी कासव आणा.

पुणे_५२

हे वाघाच्या रांगेतलं खरंच माहीत नव्हतं. आईला दाखवलं, ती आता घाबरून म्हणतेय आजच फोन कर. केलाय. पण मग दुकानात हिरवी पिटुकली कासवं उघड विकतात ती कशी चालतात?

हेगकर

ती लाल कानाची ना, ती अमेरिकेतली, पाण्यातली. नाण्याएवढी दिसतात म्हणून लोक भांड्यात ठेवतात आणि ती होतात जेवणाच्या ताटाएवढी, मग तळ्यात सोडतात आणि तिथल्या कासवांच्या जिवावर उठतात. युरोपात २०१६ पासून विकायला बंदी आहे. नका नादी लागू.

बाय द वे सातारकर, लेकीला सांग, टर्बोच्या जातीची दोन कासवं १९६८ साली चंद्राला वळसा घालून परत आली आहेत, सोव्हिएत रशियाच्या झोंड ५ यानातून. माणूस जायच्या आधी. परत आली तेव्हा वजन थोडं उतरलं होतं, बाकी ठणठणीत.

सातारकर_लीड्स

अपडेट द्यायला तीन आठवडे लागले.

बिली मिळालं, मित्राच्या गाडीच्या टपावर बांधून आणलं, पावसात. लायनरचा उरलेला तुकडा १२ पौंड, मातीच्या तीन गोण्या १२, वाळूच्या चार १८. ट्यूबची जुनी पट्टी आणि नवी ट्यूब मिळून ४८, हेगकर तुमचा चपलेच्या टाचेचा किस्सा डोक्यात होता म्हणून तिथे घासाघीस केली नाही. होल्डर आणि दोन हॅलोजन १६, टायमर ६, कुंडीची ताटली २, आणि तापमान बघायचं पिस्तूल १२. स्लेट शेजाऱ्याच्या छपराची, फुकट. झाले १२६. काचेची टाकी एका मुलाला हॅम्स्टरसाठी २० ला विकली, म्हणजे १०६. बायको म्हणते सहा पौंडांनी बजेट फाटलं, ते तुझ्या वाढदिवसातून कापते. थर्मोस्टॅट राहिलाय, तो पुढच्या पगाराला, तोवर साखळीच्या कड्या मोजून दिवा वरखाली करतोय, दोन कड्या वर केल्या की तीन डिग्री उतरतात असं सध्या गणित आहे. पिस्तूल मात्र आधी घेतलं ते बरं झालं, पहिल्या दिवशी फरशी ४४ दाखवत होती आणि हाताला तर नुसती कोमट वाटली होती.

विटामाती, वासे सापडले, पेटी आडवी ठेवली, करकर बंद. मालकाला फोटो पाठवला होता, त्याने फक्त विचारलं की उंदीर नाही ना.

आई रोज सकाळी पार्कात डँडेलियन खुडायला जाते, तिथल्या एका पोलिश आजीबाईंशी ओळख झालीये, दोघींना एकमेकींचं एक अक्षर कळत नाही तरी अर्धा तास बोलतात. टर्बोने पहिले चार दिवस पाला हुंगला आणि तोंड फिरवलं, काकडीची वाट बघत बसला. आईचा जीव तुटत होता, पण पाचव्या दिवशी पिवळं फूल दिसल्यावर झडप घातली, तोंड सगळं पिवळं.

पण खरा तमाशा नव्या घरातल्या दुसऱ्याच दिवशी झाला. संध्याकाळी शाळेतून आल्यावर लेक बघते तर टर्बो नाही. कुंडीत नाही, दगडामागे नाही. मावशींचं जळमटांचं वाचलेलं, त्यामुळे सोफा उलटा केला, वॉशिंग मशीन ओढलं, बायकोने गॅलरीचं दार उघडं ठेवलं होतं यावरून माझं तिचं वाजलं, लेक रडून रडून लाल. रात्री दहाला आई दिवा घेऊन, म्हणजे फोनचा टॉर्च, पेटीपाशी बसलेली, तिने खोल बाजूच्या मातीवर नुसता तळहात ठेवला आणि म्हणाली, अरे हे ढेकूळ हलतंय. बोटभर माती बाजूला केली तर पाठ दिसली. आत वळून, कोपऱ्याकडे तोंड करून, गाढ झोपलेला.

आईने ती माती परत त्याच्या अंगावर ओढली, पांघरूण घालतात तशी, आणि सगळ्यांना म्हणाली दिवे बंद करा आता. काच खरवडल्याचा आवाज त्या दिवसापासून नाही. बायकोची मीटिंग आता मीच बोलून बिघडवतो.

मावशी_मिल्टनकीन्स

सोफा उलटा करायच्या आधी माती बघायची रे, चुकलंच माझं सांगायचं. फोटो टाक ना, पेटीचा आणि आईंचा पण.